विळीवरची ग्रीक बाई

माझे डॅडी मस्कतमधल्या एका मोठ्या हॉटेलात आर्टिस्ट होते. एवढंच सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटायचं, लॉबीत पियानो वाजवत असतील. म्हणून मम्मी घाईघाईनं पुढं जोडायची, "किचनमध्ये. बर्फाचे हंस करतात." वसईहून आलेल्या माणसांना त्यात मोठं नवल वाटे आणि डॅडी खाली बघून हसत. शुक्रवारच्या ब्रंचला हंस, अरबी लग्न असलं की बर्फाचाच खंजीर, ख्रिसमसला लोण्याचा गोठा, मुलांच्या पार्टीला कलिंगडाची होडी आणि कुठल्याही देशाचा फूड फेस्टिव्हल आला की थर्माकोलची त्या देशातली इमारत. पहाटे चारला उठून उणे अठराच्या खोलीत छिन्नी चालवायची, साडेअकराला हंस टेबलावर आणि साडेतीनला त्याची मान वितळून कोळंबीच्या ताटात. लोणी खरवडून डब्यात, थर्माकोल मागच्या कचऱ्याच्या पेटीत. हे त्यांनी एकवीस वर्षं केलं. त्यांच्या बोटांना पडलेल्या भेगा भर उन्हाळ्यातही बुजल्या नाहीत. रात्री मम्मी त्यांना खोबरेल लावून द्यायची आणि ते टीव्हीसमोर हात उलटे ठेवून बसायचे.

आता साठीला येऊन मी मस्कतमध्येच, अझैबातल्या एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात शेवटचे महिने भरते आहे. व्हिसा संपला की खलास, परत वसई. मुलगा दुक्मच्या प्रोजेक्टवर आहे. महिन्यातून एकदा येतो, झोपतो आणि जातो. संध्याकाळी घरी आले की पर्स ठेवायचेही त्राण नसतात, तशीच चप्पल घालून सोफ्यावर बसते. अशा वेळी डॅडींचे ते उलटे ठेवलेले हात आठवतात. तेव्हा मला त्यांचा राग यायचा. माझ्या मैत्रिणींचे वडील संध्याकाळी बॅडमिंटन खेळायचे. माझे वडील आले की घरात बोलणं कमी व्हायचं, कारण ते दमलेले असायचे. दमलेलं असणं हा काही गुन्हा नव्हे, हे कळायला मला स्वतः दमावं लागलं.

लहानपणी अल् घुब्राच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये खिडकीतला एसी दिवसरात्र घरघरायचा आणि त्याचं पाणी बाल्कनीतल्या बादलीत टपटपायचं. ते पाणी मम्मी मिरच्यांच्या कुंडीला घालायची. शुक्रवारी चर्चमध्ये मिस्सा, कारण इथं रविवार हा कामाचा दिवस. मिस्सेहून आलं की मम्मी विळीवर बसून नारळ खवायची. ती विळी तिनं वसईहून विमानानं आणली होती, कपड्यांत गुंडाळून, आणि विमानतळावरच्या पोलिसाला ते शस्त्र नाही हे खोबऱ्याची खूण करून पटवून दिलं होतं. सुरमईचं कालवण, तांदळाच्या भाकरी आणि कुणी गावाहून आलं असेल तर केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी. एकेक सुकेळं मम्मी तीन भागांत कापायची आणि मोठा तुकडा कुणाला गेला ते मी बघून ठेवायचे.

रोज संध्याकाळी सात वाजता रोजरी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. रोजरी म्हणजे माळेवर म्हणायची प्रार्थना. दहा नमो मारिया म्हटल्या की एक दशक, अशी पाच दशकं. सावकाश म्हटलं तर वीस मिनिटं जातात. मी ती अकरा-बारा मिनिटांत बसवायचे. माझी पाळी आली की नमो मारियाचा शेवट गिळायचा, दहाच्या जागी सात मणी सरकवायचे आणि आवाज मात्र भक्तीचा ठेवायचा. मम्मीला कळायचं. ती माझ्या मांडीला चिमटा काढायची. डॅडी डोळे मिटून बसलेले असत. मला वाटायचं, ते झोपलेत.

आमच्या घरात प्रार्थनेचा आणखी एक उपयोग होता. डॅडींच्या आईकडून आलेली ही रीत. तिच्या घरी घड्याळ नव्हतं, म्हणून अंडं उकडायचं ते दोन दशकं आणि चहा उतरवायचा तो तीन नमो मारियांनी. डॅडी हॉटेलातही तसंच करत. साखरेचा पाक काढायची वेळ ते ओठांत पुटपुटून मोजायचे. शेफ चिडवायचा, पण पाक कधी करपला नाही. मनगटावर घड्याळ असायचं त्यांच्या, पण कामात ते बघत नसत. म्हणत, "घड्याळाकडे बघितलं की हात थांबतो. तोंडानं मोजलं की हात आपलं काम करत राहतो."

ते पुस्तक घरात आलं तेव्हा मी बारावीत होते. हॉटेलात पाहुण्यांनी विसरलेल्या वस्तू सहा महिने सांभाळतात आणि कुणी मागितल्या नाहीत तर ज्याला सापडल्या त्याला देतात. हाउसकीपिंगच्या एका माणसाला हे जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. त्यात चित्रं आहेत म्हणून त्यानं ते डॅडींना दिलं. आत प्राचीन ग्रीसमधली मातीची भांडी होती. काळी कुळकुळीत जमीन आणि तिच्यावर भाजलेल्या मातीच्या रंगाची माणसं. कुणी भाला धरलाय, कुणी आरशात बघतंय, कुणी बूट घालायला वाकलंय. डॅडींचं इंग्रजी किचनपुरतं. त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "वाच बाय. मराठीत सांग."

मी नाइलाजानं वाचायला बसले आणि मग मलाच ते आवडायला लागलं. डॅडींना पहिली गोष्ट भिडली ती ही की या चित्रांत माणूस रंगवतच नाहीत. माणूस सोडून बाकीचं सगळं काळं करायचं. जो उरतो तो माणूस. दुसरी गोष्ट म्हणजे तो काळा रंग हा रंगच नाही. ती तीच माती, पाण्यात निथळून निथळून सायीसारखी बारीक केलेली. काळी होते ती भट्टीत. आधी हवा देऊन भाजायचं, सगळं भांडं लाल होतं. मग भट्टी गच्च बंद करून आत ओला पाला टाकायचा, धूर कोंडायचा, सगळं भांडं काळं होतं. मग पुन्हा हवा द्यायची. साधी माती परत लाल होते, पण जिथं बारीक मातीचा हात दिलाय ती तोवर काचेसारखी घट्ट झालेली असते, तिच्यात हवा शिरत नाही आणि ती काळीच राहते. मी हे तीन वेळा सांगितलं. डॅडींनी विचारलं, "किती जुनी आहेत ही?" मी सांगितलं, अडीच हजार वर्षं. ते चित्रावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "माझा हंस साडेतीनपर्यंत टिकतो." मम्मी हसली. मीही हसले. ते हसले नव्हते, हे मला फार नंतर आठवलं.

त्याच सुमारास हॉटेलात ग्रीक फूड फेस्टिव्हल ठरला आणि मॅनेजरनं सहा मोठे ग्रीक घडे मागितले. थर्माकोलचे चालले असते. डॅडी म्हणाले, मातीचे करतो. आणि दर मंगळवारी, म्हणजे त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, जुन्या पिकअपमधून बहलाला जायला लागले. बहला म्हणजे ओमानमधलं कुंभारांचं गाव, आमच्या घरापासून अडीच तासांवर. तिथं सैफ नावाचा म्हातारा कुंभार होता. त्याला हिंदी यायची, आपण इथं सगळे बोलतो तसली. त्यानं सहा घडे हॉटेलसाठी वळून-भाजून दिले, ते नुसते रंगवायचे होते, आणि सातवा, हातभर उंचीचा, दोन कानांचा, डॅडींनी स्वतःसाठी मागून घेतला. डॅडींनी त्यावर निथळलेली माती लावायला घेतली तेव्हा सैफ बघतच राहिला.

"कलर किधर है?" त्यानं विचारलं.

"यही है," डॅडी म्हणाले.

"ये तो मिट्टी है. मिट्टी के ऊपर मिट्टी. फायदा क्या?"

"आग में काला होगा. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला," सैफ म्हणाला, पण त्याचा चेहरा काही पटल्याचा नव्हता. तरी त्यानं आपल्या आवारात, भिंतीच्या कडेला, पाण्याच्या पिंपाएवढी विटांची एक छोटी भट्टी बांधायला मदत केली. खाली जाळ घालायचं तोंड आणि वर धूर निघायचं भोक. आधी फुटक्या मडक्यांच्या तुकड्यांवर माती लावून डॅडींनी चार मंगळवार तपासून पाहिलं. भट्टी बंद केल्यावर दोन दशकांत उघडली तर तुकडा नुसता लाल. साडेतीन दशकांत उघडली तर तपकिरी, डागडागांचा. पाच दशकं, म्हणजे पूर्ण रोजरी सावकाश म्हणून उघडली तेव्हा काळा चकचकीत. जास्त झालं तर बिघडत नव्हतं. कमी झालं की काळं टिकत नव्हतं. तो काळा तुकडा डॅडींनी शर्टाच्या खिशात ठेवला आणि घरी आल्यावर मम्मीच्या हातावर ठेवला, दागिना ठेवावा तसा.

सातव्या घड्यावर काय काढायचं याचा प्रश्न त्यांना पडलाच नाही. एका शुक्रवारी मम्मी विळीवर बसली होती तेव्हा त्यांनी समोर बसून कागदावर तिचं चित्र काढलं. पुस्तकातल्या बायकांसारखं चुण्या पडलेलं वस्त्र, केसांना पट्टी, पण खाली विळी, हातात नारळाची कवड आणि नाक मम्मीचंच, टोकाला जरासं बसलेलं. मी म्हटलं, "डॅडी, ग्रीसमध्ये विळी नव्हती." ते म्हणाले, "त्यांना सांगितलं नसेल कुणी." मम्मीनं कागद बघितला आणि तिला लाज वाटली, म्हणून ती चिडली. "मी काय एवढी जाडी आहे? आणि मला सोडून सगळीकडे रंग लावणार म्हणे. म्हणजे माझ्या वाटेला काहीच नाही."

"तुझ्या वाटेला सगळं भांडं आहे," डॅडी म्हणाले. असलं बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं. मम्मी उठून आत गेली आणि कालवणाला उगाचच ढवळत राहिली.

घड्यावर तिच्या रेषा त्यांनी ज्या तऱ्हेनं काढल्या ती त्यांचीच युक्ती. पुस्तकात लिहिलं होतं की ग्रीकांच्या रेषा दोऱ्यासारख्या उठून दिसतात आणि त्या कशानं काढल्या ते नक्की कुणाला ठाऊक नाही. डॅडींनी बटर पेपरचा कोन केला, केकवर 'हॅपी बर्थडे' लिहायला करतात तसा, त्यात बारीक माती भरली आणि एका दमात नाकापासून हनुवटीपर्यंत रेघ ओढली. बोट लावलं तर लागायची. सैफनं खाली बसून ती रेघ जवळून बघितली. मग त्यानं आपल्या नातवाला हाक मारली आणि कहवा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, मागवला. त्याच्याकडे कहव्याचा छोटा कप रिकामा झाला की लगेच भरत. पुरे असेल तर कप हलवून परत द्यायचा. डॅडींनी त्या दिवशी कप हलवलाच नाही, पाच वेळा प्यायले.

भाजायचा मंगळवार आला. गुरुवारी फेस्टिव्हल सुरू व्हायचा होता, त्यामुळे बहलाला जायचं निमित्त असलेला हा शेवटचाच मंगळवार. वरचं भोक उघडायला-मिटायला दुसरं माणूस हवं होतं म्हणून डॅडी मला घेऊन निघाले. मला परीक्षेच्या अभ्यासाची सुट्टी होती. अडचण एकच होती. त्याच संध्याकाळी सहा वाजता आमच्या वर्गाचा निरोपसमारंभ होता. मम्मीची मोरपंखी साडी इस्त्री करून पलंगावर पसरलेली होती. एका मैत्रिणीच्या आईकडे पाच वाजता माझे केस करायचं ठरलं होतं. मी दहा वेळा विचारलं, वेळेत येऊ ना? डॅडी म्हणाले, "दोनला निघू."

पहाटेपासून जाळ. आधी खजुराच्या वाळक्या झावळ्या, मग लाकडं. मला नेमून दिलेलं काम म्हणजे भिंतीलगतच्या ओट्यावर उभं राहून लोखंडी आकड्यानं वरचं झाकण सांभाळायचं. डॅडी भट्टीच्या पलीकडे, खाली तोंडाशी. मला ते दिसत नव्हते, नुसता खोकला ऐकू यायचा. उन्हं चढली. भोकातून बघितलं तर आत घडा केशरी दिसत होता. दीड वाजत आला आणि डॅडींचा हातच उचलेना. आदल्या दिवशी दीडशे माणसांच्या लग्नाचा बर्फ कोरून ते आले होते, झोप तीन तासांची. दुपारची अजान होऊन बराच वेळ झाला तेव्हा कुठं आच पुरेशी झाली. सैफ डोक्यावर टोपी नीट करत म्हणाला, "मैं नमाज पढ़ के आता. अभी बन्द करो. सब्र करो." आणि तो गेला.

डॅडींनी आत ओला पाला लोटला, तोंड विटांनी चिणलं आणि ओरडले, "बंद कर बाय!" मी झाकण टाकलं. मग भट्टीच्या फटीफटीतून काळा धूर यायला लागला. ज्या फटीतून धूर निघेल ती ओल्या मातीनं लिंपायची हे डॅडींचं काम, त्यात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मोजायचं काम माझं होतं. "मोठ्यानं म्हण. सावकाश," ते म्हणाले. "झाली की आमेन म्हण आणि झाकण ओढ, मी तोंड फोडतो."

मी सुरुवात नीट केली. खरंच केली. पहिलं दशक पूर्ण म्हटलं. दुसऱ्याच्या मध्यावर मनगटावरच्या घड्याळात बघितलं तर दोन वाजून दहा मिनिटं. अडीच तास रस्ता, पाच वाजता केस. घामानं कुर्ता पाठीला चिकटला होता, धुरानं डोळे चुरचुरत होते. आणि माझ्या तोंडाला सवय होतीच. ती आपोआप सुरू झाली. शेवट गिळले. दहाचे सात झाले, सहा झाले. तिसरं दशक मी जवळजवळ धावत म्हटलं, चौथं अर्ध्यावर सोडलं आणि पाचवं मुळी घेतलंच नाही. आवाज मात्र भक्तीचा होता. मग मोठ्यानं "आमेन" म्हटलं.

पलीकडे क्षणभर काही झालं नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा म्हणणार एवढ्यात डॅडींनी तोंडाच्या विटा पाडल्याचा आवाज आला. मी झाकण ओढलं.

भट्टी हात लावण्याइतकी निवायला तासभर हवा होता, खरं तर सगळा दिवस हवा होता, पण डॅडींनी अर्ध्या तासात पोत्याच्या चिंध्या हाताला बांधून घडा वर काढला. सैफ नमाजहून आला होता. तिघांनी बघितलं. घडा लाल होता. पूर्ण लाल, एका रंगाचा, सुंदर आणि रिकामा. विळी नाही, नारळ नाही, मम्मी नाही. लालावर लाल. डॅडींनी तो उन्हात धरून एकदा फिरवला. सैफ हळूच म्हणाला, "बन्द जल्दी खोला?" डॅडी म्हणाले, "नहीं. मिट्टी कच्चा था." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खलास. चल, तुला उशीर होतोय."

येताना गाडीत मी मांडीवर तो घडा पोत्यात गुंडाळून धरला होता. अजून गरम होता. वाटेतल्या निझव्याच्या अलीकडे डॅडींनी गाडी थांबवून मला लबान, म्हणजे इथलं ताक, आणि चिप्स आणून दिले. मी खाल्ले. सांगायची वेळ तीच होती. मी सांगितलं नाही. निरोपसमारंभाला वेळेवर पोचले. फोटो आहे, मोरपंखी साडीत मी दात काढून हसते आहे आणि नीट बघितलं तर नखांत काजळी आहे. तो फोटो मी कुणाला दाखवत नाही.

हॉटेलच्या सहा घड्यांवर डॅडींनी गुरुवारच्या आत, माल उतरवायच्या फलाटावर बसून, डब्यातला काळा ऑइलपेंट मारला. घोडे, भाले, द्राक्षं. मॅनेजर खूश झाला. म्हणाला, हेच तर पाहिजे होतं. सात दिवसांनी फेस्टिव्हल संपला आणि घडे मागच्या कचऱ्याच्या पेटीत गेले, एकाच्या गळ्यात अजून लिंबाच्या पानांची माळ होती. डॅडी परत हंसाकडे गेले. मी एकदा म्हटलं, "डॅडी, पुन्हा करू या ना. मी येते." ते म्हणाले, "बघू." त्यांच्या 'बघू'चा अर्थ मला माहीत होता. पुस्तक कपाटावर गेलं आणि त्याच्यावर सुटकेस आली.

लाल घडा मात्र मम्मीनं ठेवून घेतला. त्यात ती लाटणं आणि कालथे ठेवायची. पुसताना एकदा म्हणाली, "याच्या अंगाला सुरकुत्या का आहेत गं?" डॅडी म्हणाले, "तुझ्याच आहेत." तिनं ते थट्टेवारी नेलं. आपण त्या घड्यावर खरोखर आहोत, कशा बसलोय, नाक कसं आलंय, हे तिनं कधी बघितलं नाही. पाच वर्षांपूर्वी वसईला ती गेली. शेवटच्या आठवड्यातसुद्धा माझ्या जिभेवर ते आलं होतं, पण तिच्या नाकात नळी होती आणि मला वाटलं, आता कशाला.

मागच्या हिवाळ्यात डॅडी माझ्याकडे दोन महिने राहायला आले. वय शहाऐंशी. मी पुन्हा अल् घुब्रातच राहते, त्या जुन्या बिल्डिंगपासून दोन गल्ल्या सोडून. माझी बांधाबांध सुरू होती, मम्मी वसईला परतताना माझ्याकडे ठेवून गेलेला घडा जेवणाच्या टेबलावर रिकामा पडला होता. मी ऑफिसातून आले तर डॅडी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले होते. उतरतं ऊन बाल्कनीतून तिरपं येत होतं. त्यांच्या बोटांच्या भेगा आता बुजल्यात, कातडं कागदासारखं झालंय. ते एक बोट घड्यावरून खाली सरकवत होते, थांबत होते, परत सरकवत होते. त्या तिरप्या उन्हात मलाही दिसलं. लालाहून किंचित चकाकणारं लाल, आणि मधे न चकाकणारी एक बसलेली बाई. डॅडींचं बोट तिच्या नाकावर होतं.

मी पर्स खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "डॅडी, माती कच्ची नव्हती. मी रोजरी अर्धीच म्हटली होती. मला फंक्शनला जायचं होतं."

त्यांनी बोट उचललं नाही. "साडेतीन," ते म्हणाले. "तीही धावत. तिसरं पण नीट नव्हतं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "तुम्ही मोजत होता?"

"तू रोज घरी खायचीस नमो मारिया. माझं लक्ष असायचं."

"मग आमेन म्हटल्यावर थांबवलं का नाहीत? परत म्हण असं का नाही सांगितलंत?" मी ओरडले असेन बहुतेक. चाळीस वर्षं मी ते उरावर घेऊन फिरले होते.

डॅडींनी बोट नाकावरून काढून हात घड्याच्या कानात घातला. मग म्हणाले, "विटेवर हात ठेवून उभा होतो. म्हटलं, सांगावं. पण मग परत सगळा धूर, परत लिंपायचं. मी दमलो होतो गं बाय. फार दमलो होतो. वाटलं, एवढ्यात झालं तर झालं." आणि म्हणाले, "तुझ्यावर नको घेऊस. मीच सोडलं ते."

मी त्यांच्याशेजारी खुर्चीवर बसले. चहा करायला उठावंसं वाटलं नाही, दिवा लावावासा वाटला नाही. ऊन घड्यावरून उतरलं आणि बाई पुन्हा दिसेनाशी झाली. सात वाजता डॅडींनी खिशातून माळ काढली. मला वाटलं, पहिल्यापासून सुरू करतील. त्यांनी मणी सरकवत सरकवत शेवटचं दशक धरलं आणि म्हणाले, "त्या दिवशीचं राहिलेलं चौथं मी मघाशी तू यायच्या आधी म्हटलं. पाचवं राहिलंय. म्हणू या."

आम्ही म्हणायला लागलो. ते अर्धी म्हणत, मी उरलेली अर्धी. खिडकीत एसी घरघरत होता. सातव्या नमो मारियाला त्यांचा आवाज थांबला. बघितलं तर मान छातीवर आली होती, श्वास झोपेतला, संथ, एक हात घड्याच्या कानात तसाच. मी त्यांना उठवलं नाही. उरलेल्या तीन मी एकटीनं म्हटल्या, सावकाश, एकही शब्द न गिळता.